म्हशीला चालंल का?

सेऊलला आले त्या पहिल्याच आठवड्यात कांद्याची सालं खरकट्याच्या डब्यात टाकायला गेले, तर शेजारच्या आजीबाईंनी हातवारे करून मला थांबवलं. कांद्याचं साल ओला कचरा नाही, तर मग आहे तरी काय?

आमच्या इमारतीखाली खरकट्याचं यंत्रच आहे. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, ओतलं की पडद्यावर वजन येतं आणि तेवढे पैसे बिलात लागतात. फोनवर हे ऐकून आई ओरडलीच, "माय! खरकट्याचे पैसे घ्यायलेत?" इथे २००५ पासून अन्नाचा कचरा थेट पुरायला बंदी आहे, आणि २०१३ पासून जितकं टाकाल तितके पैसे. रक्कम किरकोळ असते, पण आकडा समोर दिसला की उरलेला भात टाकवत नाही. फोडणी देते.

यादी मात्र काही पाठ होईना. कलिंगडाचं साल चालतं, कांद्या-लसणाचं नाही. हाडं, अंड्याची टरफलं, आंब्याची कोय, चहाचा चोथा, सगळं साध्या कचऱ्यात.

"तिथं त्याचं करतात काय?" आईनं विचारलं.

"बरंचसं जनावरांचं खाद्य. बाकी खत आणि गॅस."

"मग सोपंय की. आजी काय बघायची? म्हशीला चालंल का!"

त्या दिवसापासून माझी एकही चूक झाली नाही.

फरक एवढाच, की परभणीकडच्या आमच्या गावात म्हशीनं नाकारलेलं उकिरड्यावर जायचं आणि उन्हाळ्यात बैलगाडीनं शेतात. सेऊल जो चोथा फेकतं, तो तिथे कामाला यायचा.

संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये ना म्हैस, ना उकिरडा. २०१८ च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा जिथे टाकायचे त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले, तेव्हा आईनं गच्चीवर ड्रम ठेवला. पहिला ड्रम सडला. अळ्या, वास, शेजाऱ्यांची तोंडं वाकडी. नुसतं ओलंच घातलं होतं, मग हवा खेळणार कुठून? मामानं सोयाबीनच्या भुसकटाचं पोतं पाठवलं. एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी भुसकट, वर थोडं आंबट ताक. वास गेला. मेमध्ये उलटंच, सगळं पापडासारखं वाळलं. आता ती रोज मूठ दाबून बघते : पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा हवा, थेंब गळायला नको. अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत.

परवा म्हणाली, डिसेंबरात येताना तिथला चोथा वाळवून आण, उगाच फेकू नको. विमानतळावर काय सांगू, ते मात्र सांगितलं नाही.