पितळी वाटीची परज

स्मरणिकेसाठी ‘सरांच्या आठवणी लिहून पाठवा’ असं शाळेचं पत्र आलं. सरांना हे आवडलं नसतं. ‘आठवणी राहू दे, मापं लिही. पुढच्या पोराच्या कामाला येतील,’ म्हणाले असते. म्हणून सरांनी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्याकडून करून घेतलेलं, वार बसला की दिवा लावणारं तलवारबाजीचं ते उपकरणच इथे पुन्हा जुळवून देतो. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात कुणाला मांडायचं असेल तर मांडा.

फॉइल, एपी आणि सेबर या तलवारबाजीच्या तीन हत्यारांपैकी शाळेसाठी एपी सोपी. अंगावर कुठेही टोक दाबलं गेलं की गुण, त्यामुळे वीज वाहणारं जाकीट लागत नाही. ऑलिम्पिकमध्ये एपीचे वार विजेवर मोजायला १९३६ साली सुरुवात झाली आणि मूळ युक्ती अजून तीच आहे: टोक दाबलं की विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण होतं. फॉइलमध्ये उलट, दाबलं की तुटतं.

सामान: ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोधक, लाल एलईडी, बॉलपेनची नळी, स्प्रिंग, पितळी स्क्रू आणि एक पितळी वाटी. नळीच्या तळाशी दोन तारांची उघडी टोकं शेजारी शेजारी बसवा. वरून स्प्रिंगवर तोललेला स्क्रू दाबला की दोन्हींना एकदम टेकला पाहिजे. बॅटरीच्या धन टोकापासून रोधकातून पहिली तार, दुसरी तार एलईडीतून ऋण टोकाला. प्रतिस्पर्ध्याची परज, म्हणजे मुठीपुढची हात झाकणारी वाटी, ती ही पितळी वाटी. तिला ऋण टोकाची तार सोल्डर करा. स्टीलच्या वाटीला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून पितळी.

आता टोक लाकडावर दाबा, एलईडी लागतो. वाटीवर दाबा, लागत नाही, कारण वीज एलईडी सोडून वाटीतून निघून जाते. परजेवर बसलेला वार गुणात धरायचा नाही, हा नियम यंत्र असा पाळतं. रोधक विसरलात तर इथे बॅटरीच शॉर्ट होते.

आमच्या वेळी ऐन परीक्षकांसमोर वाटीवर टोक दाबलं आणि एलईडी लख्ख लागला. तार शाबूत, सोल्डर पक्कं. सरांनी वाटी उजेडात धरली, अंगठ्याने घासून पाहिली आणि शाळेमागच्या घरातून चिंचेचा गोळा मागवला. वाटी रात्रभर हाताळून कळकटली होती. त्या थरामुळे संपर्काचा रोध वाढला होता. या मंडलात तो २५०-३०० ओहमच्या वर गेला की एलईडीला लागणारे सुमारे २ व्होल्ट मिळायला लागतात. चिंच लावली, धुतली, रुमालाने कोरडी केली, दिवा गप्प. सरांच्या वहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांच्या पुढे ‘बिघाड’ असा एक रकाना असे. परीक्षकांना त्यांनी तोच आधी दाखवला.

स्प्रिंगची परीक्षा मजेची आहे. खेळाच्या नियमात एपीच्या टोकाने ७५० ग्रॅमचं वजन परत वर ढकललं पाहिजे, फॉइलच्या ५०० ग्रॅमचं. बाटली धरून एकूण ७५० ग्रॅम भरेल एवढं पाणी घाला, टोक वर करून नळी उभी धरा आणि बाटली अलगद टेकवून सोडा. पेनची एकटी स्प्रिंग बहुधा दबूनच बसते. जाड तारेची घ्या.

दोन खेळाडूंचं यंत्र करायचं तर आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायची छोटी सर्किट-पट्टी, लागेल. एपीत पहिल्या वारानंतर साधारण ४५ मिलिसेकंदांत दुसरा बसला तर दोन्ही दिवे लागतात. पोरं इथे प्रोग्रॅममध्ये ‘डिले’ची (थांबण्याची) आज्ञा वापरतात, तेवढा वेळ यंत्र दुसऱ्या खेळाडूच्या टोकाच्या बटणाकडे बघतच नाही. न थांबता वेळ सांगणाऱ्या ‘मिलिस’च्या आज्ञेने वेळ मोजा. तपासायला दोन्ही बटणांवर एकच फळी दाबा, मग ती किंचित तिरपी करून बघा.

पातं का वाकतं यासाठी हॅक्सॉ ब्लेड पुरे. दातांवर चिकटपट्टी लावा. टेबलाच्या कडेला शिकंज्यात घट्ट आवळून टोकाला ५० ग्रॅम टांगा. मोकळी लांबी १० सेंमी असताना टोक जेमतेम ३ मिमी झुकतं, २० सेंमीला त्याच्या सुमारे आठपट. शिकंजा सैल असेल तर गणित जुळत नाही.

‘हा खेळ आपल्याकडे कोण खेळतं?’ असं तेव्हा परीक्षक विचारायचे. टोकियो ऑलिम्पिकला भवानी देवी सेबर खेळली, पहिली लढत १५-३ ने जिंकली, तेव्हा सर हवे होते. हल्ली प्रदर्शनात दुकानातून आणलेले तयार संच दिसतात, दिवे सगळे लागतात आणि ‘बिघाड’चा रकाना कुणाच्याच तक्त्यावर नसतो. वाईट वाटतं.

वाटीला मुठीसाठी मधोमध भोक पाडावं लागतं, ते आधी घरी विचारून पाडा. आमची वाटी सरांच्या स्वयंपाकघरातली होती. काकूंना भोक नंतर कळलं.