लॉरेन्सला पाहिलेला निरोप

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या विमानतळावरून लॉरेन्सला जायला तासभर लागतो. मार्च लागला होता, पण झाडं अजून बोडकीच होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत आणि त्यावरून सुटलेला वारा. गाडी चालवता चालवता भाच्यानं सांगून टाकलं, "मामा, उद्या मी तुझ्याशेजारी नसणार हं. मला विद्यार्थ्यांच्या बाकावर बसायचंय. पाच दिवस नंबर लावलाय त्यासाठी."

हा पोरगा इथल्या कॅन्सस विद्यापीठात एम.एस. करतो. मी आलो होतो त्याला भेटायला, पण माझ्या तारखा त्यानं ठरवल्या होत्या. शनिवार, ८ मार्च २०२५. कॅन्सस विरुद्ध ॲरिझोना, कॉलेज बास्केटबॉलचा घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना त्या दिवशी निरोप देतात, आणि सामना संपल्यावर प्रत्येक जण माइक हातात घेऊन गावाशी बोलतो. "ते बघितल्याशिवाय तुला हे गाव कळणारच नाही," असं तो फोनवर म्हणाला होता.

मी कोल्हापूरचा. फुटबॉलसाठी वेडं झालेलं गाव मला नवं नाही. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर काय होतं, ते मी लहानपणापासून पाहिलंय. तिथं संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. आपण कुणाच्या बाजूचे, हे जन्मालाच ठरलेलं असतं. म्हणून लॉरेन्समध्ये उतरल्यावर दुकानांच्या काचांवर, घरांच्या व्हरांड्यांत आणि पेट्रोल पंपावर निळ्या-लाल जेहॉकची, म्हणजे संघाचं चिन्ह असलेल्या पक्ष्याची चित्रं पाहिली, तेव्हा मला परकं वाटलं नाही.

शुक्रवारी आम्ही विद्यापीठाच्या डिब्रूस सेंटरमध्ये गेलो. तिथं काचेमागे टंकलेखित दोन कागद आणि त्यावर तेरा नियम. बास्केटबॉलचा जन्म या दोन कागदांवर झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात पोरांना आत खेळता यावं म्हणून पीचच्या टोपल्या टांगल्या आणि हे नियम लिहिले. १८९८ मध्ये तो या विद्यापीठात आला, इथला पहिला प्रशिक्षक झाला आणि इथेच राहिला. त्याची कबरही याच गावात आहे. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे दोन कागद विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्यानं ४३ लाख डॉलर देऊन घेतले आणि गावाला आणले.

नायस्मिथला स्वतःला या खेळातून पैसा मिळाला नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला जाणार होता. तिथवर त्याला पाठवण्यासाठी देशभरातल्या सामन्यांच्या तिकिटांमागे एकेक पेनी गोळा केली होती. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. प्रेक्षकाच्या खिशातली ती पेनी दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

सामना जिथं होता ते ॲलन फील्डहाउस बाहेरून एखाद्या मोठ्या दगडी धान्यकोठारासारखं दिसतं. १९५५ साली उघडलं. आत लाकडी बाक, उंच खिडक्यांतून तिरका येणारा उजेड आणि छताखाली राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे: १९५२, १९८८, २००८, २०२२. एका टोकाला भलंमोठं कापड टांगलेलं, आत येणाऱ्याला 'फॉग'पासून सावध राहायला सांगणारं. फॉग म्हणजे धुकं, आणि फॉग ॲलन म्हणजे नायस्मिथचा शिष्य, ज्यानं या गावाला बास्केटबॉलचं गाव केलं.

माझी जागा वरच्या बाजूला होती. शेजारी एक आजोबा, वय ऐंशीच्या आसपास, गव्हाची शेती करून आता मुलाकडे सोपवलेली. त्यांच्या मांडीवर सामन्याचं माहितीपत्रक आणि हातात शिसपेन्सिल. ते प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं काहीतरी लिहीत होते. मी डोकावलो, तर त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. वडिलांबरोबर यायचे तेव्हापासूनची सवय, म्हणाले. नावापुढं गाव लिहायचं. पोरगा कुठून आला ते माहीत असलं की तो आपला होतो. आता गावाच्या जोडीला आधीची कॉलेजंही लिहावी लागतात.

त्या पत्रकात सगळा बदल दिसत होता. डजुआन हॅरिस: कोलंबिया, मिझुरी. पुढं कोरं. २०१९ मध्ये आला, पहिलं वर्ष नुसतं सरावात काढलं, २०२२ च्या विजेतेपदात होता आणि सहा वर्षं इथंच राहिला. के. जे. ॲडम्स: ऑस्टिन, टेक्सस. चार वर्षं, हाच एक संघ. त्यांच्याखाली हंटर डिकिन्सन, सात फूट दोन इंच, तीन वर्षं मिशिगनला खेळून २०२३ मध्ये इथं आलेला. ए. जे. स्टोर: सेंट जॉन्स, मग विस्कॉन्सिन, मग इथं. रायलन ग्रिफेन: अलाबामाहून.

आणि झीक मेयो. त्याच्यापुढं आजोबांनी 'लॉरेन्स' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. हा याच गावचा. लॉरेन्स हायस्कूलला शिकला, पण कॉलेजला गेला साउथ डकोटा स्टेटमध्ये. तीन वर्षं तिथं खेळून आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि शेवटच्या वर्षासाठी घरी परतला. खेळाडूंना मोकळेपणी कॉलेज बदलता येतं म्हणून गावाची माणसं हळहळतात, पण त्याच मोकळेपणानं त्यांचा पोरगाही परत आणला. आजोबांना दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायच्या होत्या, आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नव्हती.

इथं थोडं मागं जायला हवं. अमेरिकेत कॉलेजचा खेळ शंभर वर्षं हौशी म्हणून चालला. खेळाडूला फी, राहणं आणि जेवण मिळायचं. पैसा बाकी सगळ्यांना मिळायचा. मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क वर्षाला सुमारे ११० कोटी डॉलरचे. इथले प्रशिक्षक बिल सेल्फ यांचा २०२३ चा करार पाच वर्षांचा, ५ कोटी ३० लाख डॉलरचा. आणि कॉलेज बदललं तर खेळाडूनं वर्षभर बाकावर बसायचं, असा नियम. प्रशिक्षकाला मात्र नोकरी बदलल्यावर असं काही नव्हतं.

हे कोर्टात मोडलं. एड ओबॅनन हा यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू. एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला, आणि त्यानं २००९ मध्ये दावा लावला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खेळाडूंनी लावलेल्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएए या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या विरोधात दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवू लागले. त्याच वर्षी वर्षभर न बसता एकदा कॉलेज बदलायची मुभा आली, आणि २०२४ पासून कितीही वेळा. आता मोसम संपला की 'पोर्टल' उघडतं. तिथं नाव टाकलं की बाकीची कॉलेजं बोलणी करू शकतात. २०२५ च्या वसंतात एकट्या पुरुष बास्केटबॉलमधली दोन हजारांहून जास्त नावं त्यात होती.

या इमारतीला त्या सगळ्याचा एक वेगळा व्रण आहे. छताखाली २०१८ चाही एक झेंडा होता, शेवटच्या चार संघांत पोहोचल्याचा. तो आता नाही. बुटांच्या कंपनीच्या माणसांनी खेळाडूंच्या घरच्यांना गुपचूप पैसे दिल्याचं प्रकरण एफबीआयनं २०१७ मध्ये उघड केलं. त्यात कॅन्ससही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०१७-१८ च्या मोसमातले पंधरा विजय रद्द झाले आणि झेंडा उतरला. आजोबांनी रिकाम्या जागेकडे पेन्सिल दाखवली. ज्यासाठी माणसं तुरुंगात गेली, ते आता पत्रकार परिषदेत सांगतात, एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता, पण दुःख होतं.

मग दिवे मंदावले. मोठ्या पडद्यावर जुन्या सामन्यांची चित्रफीत सुरू झाली. पाहुण्या संघाची नावं पुकारताना सगळे विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, जणू मैदानावर कुणी आलंच नाही. मग कॅन्ससचं पहिलं नाव घेतलं गेलं आणि त्याच कागदांचे तुकडे हवेत उडाले. त्याआधी एक संथ घोष झाला होता: रॉक चॉक, जेहॉक, केयू. १८८६ सालापासूनचा. तो ओरडत नाहीत, लांबवतात. पंधरा हजार माणसं एका श्वासात ताणतात आणि लाकूड पायाखाली थरथरतं. दिंडीत टाळ थांबल्यावर नुसता आवाज उरतो, त्याची मला आठवण झाली. घशात काहीतरी अडकलं.

सामना कॅन्ससनं ८३-७६ असा जिंकला. पण मोसम कडू गेला होता. सुरुवातीला देशात पहिला क्रमांक दिलेला संघ आता पहिल्या पंचविसातही नव्हता. मागच्या रांगेतला एक माणूस चेंडू हुकला की पैशांचा आकडा ओरडत होता. मला ते फार लागलं. पूर्वी पोरगा चुकला तर लोक म्हणत, शिकेल. चार वर्षं होती त्याला शिकायला. आता त्याच्या डोक्यावर किमतीची चिठ्ठी आहे, आणि वय मात्र तेच, विशी-बाविशीचं. डिकिन्सननं मिशिगन सोडलं तेव्हा शिव्या घालणाऱ्यांना तो जाहीरपणे म्हणाला होता की दहा हजार डॉलर जास्त मिळाले तर तुम्हीही नोकरी बदलाल. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पोरांना पैसा मिळायलाच हवा होता, आणि फार आधी मिळायला हवा होता. ज्यांच्या घामावर एवढी मोठी दुकानं उभी राहिली, त्यांना जेवण आणि वसतिगृह देऊन वाटेला लावणं हा अन्याय होता.

पण पैसा आता प्रेक्षकाकडेही मागतात. देणगीदारांच्या संस्था निघाल्या. इथल्या संस्थेला गावातल्या मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवरून 'मास स्ट्रीट' असं नाव दिलं होतं. दर महिन्याला इतके डॉलर द्या, म्हणजे संघ टिकेल. आजोबांनी पहिल्या वर्षी दिले, दुसऱ्या वर्षी नाही दिले. न दिल्यामुळे आपण कमी प्रेम करतो की काय, असं त्यांना हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर वाटत राहिलं. हा प्रश्न त्यांच्या वडिलांना कधी पडला नसेल. मला नायस्मिथसाठीची पेनी आठवली. ती दिली की काम संपत होतं.

कोल्हापुरात पेठांच्या संघांनी बाहेरचे, अगदी नायजेरियाचे खेळाडू आणले, तेव्हा आमच्या आजोळच्या कट्ट्यावर असाच वाद झाला होता. पेठेचा संघ, आणि पेठेचं पोरगं बाकावर? पण त्या परदेशी पोरानं गोल मारला की त्याला खांद्यावर घेणारी माणसंही तीच होती. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी कोल्हापूर कुठं आहे ते विचारलं आणि पत्रकाच्या कोपऱ्यात माझ्या नावापुढं लिहून घेतलं.

सामना संपला. कुणी हललं नाही. एकेक करून खेळाडू मैदानाच्या मधोमध आले आणि बोलले. घरचे बाजूला उभे. हॅरिस आणि ॲडम्स बोलताना माझ्या भोवतीच्या माणसांचे चेहरे बदलले. हे बुजरे अठरा वर्षांचे पोर म्हणून आले तेव्हापासून या लोकांनी त्यांना पाहिलंय. त्यांची दाढी उगवताना पाहिलीय. एकच वर्ष इथं खेळलेला पोरगा बोलायला आला तेव्हाही टाळ्या वाजल्या, मोठ्या वाजल्या. पण त्या पाहुण्याला द्यायच्या टाळ्या होत्या, आणि ते त्यालाही कळत असावं. निरोप द्यायला आधी सोबत राहावं लागतं. मेयो बोलला तेव्हा आजोबा उभे राहिले. गुडघे दुखत होते तरी शेवटपर्यंत बसले नाहीत.

बाहेर भाचा भेटला. केसांत कागदाचे तुकडे, आवाज पूर्ण बसलेला. रात्री मास स्ट्रीटवर जेवताना तो पाच दिवसांच्या रांगेबद्दल सांगत होता. स्टेडियमच्या बोळात सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या गटाचा एक जण तरी हजर हवा, अचानक हजेरी घेतात. तिथंच अभ्यास, तिथंच जेवण. त्याच्या गटात एक हैदराबादचा, दोन इथल्याच खेड्यांतले. "खेळाडू बदलले तरी रांग तीच असते मामा," तो म्हणाला. मी काही बोललो नाही, पण विमानात बसेपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं.

मी परतलो आणि त्या शनिवारनंतर बारा दिवसांनी, २० मार्चला, कॅन्सस राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत आर्कान्साकडून ७९-७२ असं हरलं. त्या सामन्यात ॲडम्सच्या टाचेची शीर तुटली. भाच्याचा संदेश आला, त्यात फक्त ॲडम्सचं नाव होतं. मग पोर्टल उघडलं. स्टोर ओल मिसला गेला, ग्रिफेन टेक्सस ए अँड एमला. कांगोहून आलेल्या फ्लोरी बिडुंगानंही नाव टाकलं आणि काही दिवसांनी मागं घेतलं. जूनमध्ये हाऊस या खेळाडूंच्याच दुसऱ्या खटल्यातली तडजोड न्यायालयानं मान्य केली: जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि जुलैपासून प्रत्येक विद्यापीठ वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट आपल्या खेळाडूंना देऊ शकतं.

नोव्हेंबरमध्ये भाच्यानं नव्या संघाची यादी पाठवली. त्या शनिवारी नेमानं खेळलेल्यांपैकी तिच्यात एकटा बिडुंगा उरला होता. मी यादी छापून घेतली, पेन्सिल शोधली आणि लिहायला बसलो. बिडुंगा: कांगो. पुढं कोरं. डॅरिन पीटरसन: ओहायो. पुढं कोरं, नवाच आहे. मेल्विन काउन्सिल: न्यूयॉर्क राज्य, आधी वॅग्नर, मग सेंट बोनाव्हेंचर. मग ट्रे व्हाइट: टेक्सस, यूएससी, लुईव्हिल, इलिनॉय. त्याची ओळ समासाबाहेर गेली, म्हणून उरलेलं कागदाच्या मागं लिहिलं.