हळदीचं उत्पादन वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

"एकरी १५० क्विंटल हळद निघाली" असं कुणी सांगितलं, की आधी विचारायचं, ओली की वाळलेली? ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केली की सेलम जातीचा उतारा, म्हणजे ओल्यातून हाती येणारी वाळलेली हळद, १८ ते २० टक्के पडतो. म्हणजे १५० क्विंटलची २७ ते ३० क्विंटल झाली. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना निम्मा घोळ इथेच होतो.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पीक सरकलंय. बाजारपेठ म्हणून सांगलीचं नाव आजही मोठं, पण लागवडीचं केंद्र आता हिंगोली, वसमत, नांदेड. सांगलीकडच्या बागायती रानात उसाशी स्पर्धा आहे. तिकडे मराठवाड्यात ठिबक, गादीवाफा (उंच, सपाट वाफा) आणि हळद वाफेवर शिजवणारा स्टीम बॉयलर आल्यावर हळद सोपी झाली. काहिलीखाली (मोठ्या कढईखाली) पाचट जाळून हळद शिजवणं हे माणसं खाणारं काम होतं. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवंही (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) २००५च्या महापुरानंतर मागे पडली, माल गोदामात आणि शीतगृहात गेला.

क्षेत्राचा आलेख मात्र सरळ चढत नाही, तो भावामागे धावतो. २०१०मध्ये क्विंटलला १५ हजारांच्या आसपास गेलेली हळद २०१२ला ४ हजारांच्या घरात आली. कारण साधं आहे: भाव चढला की मे-जूनमध्ये सगळेच लावतात, माल फेब्रुवारीनंतर एकदम येतो, आणि वाळलेली हळद टिकत असल्याने मागचा साठाही त्यात भर घालतो.

भाव चढलेल्या याच काळात एकरी उत्पादन घसरतं, हे फारसं कुणी बोलत नाही. एकरी ८ ते १० क्विंटल बेणं (लागवडीचे कंद) लागतं. भाव तेजीत असला की जेठे गड्डे (झाडाच्या बुडाशी असणारे मुख्य कंद) महाग होतात, मग मिळेल ते बारीक, न निवडलेलं बेणं जमिनीत जातं. लावणीआधी बेणं औषधात बुडवायची बेणेप्रक्रिया टळते. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या रानातही लावण होते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत तिथे कंदकूज लागते, कुजक्या गड्ड्यावर कंदमाशी येते. बुंध्याजवळचं खोड पिवळं पडून ओढताच हातात आलं, की त्या सरीत बुरशीनाशक ओतून फार काही वाचत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं.

त्यामुळे क्षेत्र दीडपट झालं म्हणून उत्पादन दीडपट धरू नये. २०२३मध्ये भाव काही महिन्यांत दुपटीवर गेले, तेव्हाही अंदाज बांधणाऱ्यांनी पेरा मोजला, बेणं कुठलं आणि कसलं हे क्वचितच पाहिलं.