किलमेनम तुरुंगातील ग्रेस गिफर्ड

डब्लिनमधील किलमेनम तुरुंग आता संग्रहालय झाला आहे आणि तो मार्गदर्शकाबरोबरच पाहावा लागतो. आम्हाला आधी प्रार्थनागृहात नेले. लाकडी बाके आणि समोर वेदी, एवढीच ती खोली. पण ३ मे १९१६ च्या रात्री, गॅसचे दिवे बंद असल्याने मेणबत्तीच्या उजेडात, याच वेदीपुढे व्यंगचित्रकार ग्रेस गिफर्ड आणि जोसेफ प्लंकेट यांचे लग्न लागले. आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांत प्लंकेट सर्वांत तरुण होता. क्षयाने खंगलेला हा माणूस, मानेवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असतानाही, इंग्रजांविरुद्धच्या उठावाचे मुख्यालय असलेल्या मुख्य टपाल कार्यालयात लढायला उभा राहिला होता. लग्न ठरले होते ईस्टरच्या रविवारी, पण ते राहून गेले. सोमवारी उठाव सुरू झाला, तो मोडला गेला आणि प्लंकेटला मृत्युदंड झाला. ग्राफ्टन स्ट्रीटवरून ग्रेसने स्वतः अंगठी विकत आणली, पहाऱ्यावरचे सैनिक साक्षीदार झाले, नंतर कोठडीत पहाऱ्यातच दहा मिनिटांची भेट मिळाली आणि पहाटे प्लंकेटला गोळ्या घातल्या गेल्या.

हे ऐकताना आमच्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले, माझेही. युद्धकाळातल्या प्रेमावर ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला याहून हृदयद्रावक शेवट सापडणार नाही, हे खरे. तरीही मला मनापासून वाटते की ग्रेसची कादंबरी इथून सुरू व्हायला हवी. तिची बहीण म्युरिएल हिचा पती आणि उठावातला प्लंकेटचा साथीदार टॉमस मॅकडोना याला आदल्याच पहाटे याच तुरुंगात मारले होते, आणि पुढच्या वर्षी म्युरिएलही समुद्रात पोहताना मरण पावली. १९२३ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, ग्रेस पुन्हा किलमेनममध्ये आली ती कैदी म्हणून, आणि या वेळी तिला डांबणारे सरकार इंग्रजांचे नव्हे, आयरिश लोकांचेच होते. तिच्या कोठडीच्या दाराला असलेल्या छोट्या भोकाला डोळा लावला की भिंतीवर तिने काढलेले मेरी आणि बाळ येशूचे चित्र दिसते. मूळ रंग उडाल्याने ते नंतर पुन्हा रंगवले गेले आहे. त्या भोकाशी मी रांगेतल्या इतरांची गैरसोय होईपर्यंत थांबले.

सुटकेनंतर ग्रेसने पुन्हा लग्न केले नाही. चित्रे काढून तिने कसाबसा चरितार्थ चालवला, प्लंकेटच्या मृत्युपत्रावरून तिला सासरच्यांशी कोर्टात भांडावे लागले, सरकारी निवृत्तिवेतन मिळायला १९३२ साल उजाडले, आणि १९५५ मध्ये ती डब्लिनमध्येच वारली.