हाय की!

जपानीत होकाराला ‘हाय’ म्हणतात. बेळगावात हे ऐकून कुणीही म्हणेल, मग ही आपलीच भाषा हाय की! पण जुन्या जपानी व्हिडिओ गेममध्ये ते पडद्यावर वाचावं लागतं, आणि तिथे निम्मं काम अक्षरं मोजून भागतं. होकार दोन अक्षरी, नकार (‘इइए’) तीन अक्षरी. जुना सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) पुसायचा का, असं विचारलं की एवढं पुरतं. ‘हाजिमेकारा’ म्हणजे पहिल्यापासून, ‘त्सुझुकिकारा’ म्हणजे राहिलं तिथून. दोन्ही पाच अक्षरी, शेवटची दोन सारखीच. म्हणून पहिलं बघायचं. गळासारखी एकच वाकलेली रेघ दिसली की राहिला खेळ पुढे चालू. कन्नड पाटीच्या वळणावरून खानापूरची बस धरणाऱ्याला यात कसलं अवघड?

भाषा सांभाळून घेते, वीज घेत नाही. जपानात घरी १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेम कन्सोलचा मूळ अ‍ॅडॉप्टर थेट आपल्या सॉकेटात गेला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्याचा, जड, आणि १०० व्होल्टचाच घ्यावा. दुकानदार ११० चा पुढे करतो. त्या अ‍ॅडॉप्टरमधून निघतात जेमतेम १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर. ट्रान्सफॉर्मर ५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा भरपूर झाला. अ‍ॅडॉप्टरच बदलायचा तर पिन तपासा: यात मायनस आत आणि प्लस बाहेर, हल्लीच्या बहुतेकांच्या नेमकं उलट. चित्र काळं-पांढरं येऊन वर सरकत राहिलं तर कन्सोलला दोष देऊ नका, तो टीव्ही एनटीएससी ही जपानची चित्रपद्धत जाणत नाही.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची आपली जुनी खोड. श्वासातल्या ओलाव्याने पिना आणखी गंजतात, त्यात इथला पावसाळा. कानकोरणीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून पुसावं, वाळू द्यावं. सेव्ह टिकत नसेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नये, तापून फुटतो. धातूच्या पट्ट्या लावलेला सेल मिळतो तोच घ्यावा. जुना काढला की राहिलेले सेव्हही जातात.

एवढा खटाटोप नको असेल तर माळ्यावर बघा. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले स्वस्त ‘टीव्ही गेम’ ही सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या, १९८३ च्या फॅमिकॉमचीच नक्कल. खाच तीच, ६० पिनांची, त्यामुळे अस्सल जपानी फॅमिकॉमची कॅसेट त्यात नीट बसते. यंत्र जपानी ६० ऐवजी ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० चित्रांचं) असेल तर खेळ सहाव्या हिश्शाने संथ चालतो. वय झालेल्या अंगठ्यांना तेच बरं पडतं.