रंगांसाठी पासवर्ड, आणि उलटा झालेला क्रम

नारायण पेठेतल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयातील सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेल्यानंतर दुसऱ्याच सकाळी तिथल्या ज्येष्ठ लेखनिकांचा फोन आला : "अहो सर, लॉगिन केलं की संगणक रंगांसाठी पासवर्ड मागतोय. कसले रंग?" एक्सआरडीपीवर, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरचा पडदा वापरू देणाऱ्या प्रणालीवर, काम करणाऱ्यांना ही पासवर्डची खिडकी नवी नाही. रंग-व्यवस्थापनाच्या सेवेला नवे उपकरण नोंदवायचे असते. ती परवानगी यंत्रासमोर बसलेल्याला आपोआप मिळते, पण दूरस्थ सत्राला पोलकिट, म्हणजे कोणाला काय करू द्यायचे हे ठरवणारी लिनक्सवरील सेवा, प्रशासकाचा पासवर्ड विचारते. तो अडथळा मी काही वर्षांपूर्वीच पीकेएलए फाइल (पोलकिटच्या जुन्या पद्धतीची नियमांची फाइल) लिहून दूर केला होता.

ती फाइल जागेवर होती, मजकुरात अक्षराचाही फरक नव्हता. फक्त ती आता कोणी वाचत नव्हते. पोलकिटच्या मूळ प्रकल्पाने २०१२ मध्येच ०.१०६ या आवृत्तीपासून नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्याची पद्धत स्वीकारली, परंतु डेबियन ११ पर्यंत ०.१०५ वरच थांबले होते आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ मध्ये थेट १२२ ही आवृत्ती आली. जुन्या फायली वाचण्यासाठी पोलकिटडी-पीकेएलए नावाचे वेगळे पॅकेज मिळते. आमच्या सर्व्हरवर ते नव्हते. ते बसवले असते तर काम पाच मिनिटांत संपले असते, पण एकदा हात घातलाच आहे तर नियम नव्या पद्धतीत लिहावेत असे मी ठरवले, आणि माझी खरी चूक त्यानंतर झाली.

रंगांचा नियम सोपा होता, तरी त्यातही मी अडखळलो. जुन्या फाइलमध्ये क्रियेच्या (ज्या कामाला परवानगी लागते त्याच्या) नावाच्या शेवटी तारांकन देऊन सगळ्या क्रिया एकदम पकडता येत असत. जावास्क्रिप्टमध्ये तीच ओळ समानतेच्या चिन्हाने तपासली तर तारांकन हे निव्वळ एक अक्षर ठरते आणि नियम कधीच लागू होत नाही. शिवाय पोलकिटची सेवा पोलकिटडी या मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावे चालते, त्यामुळे केवळ रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, वाचता येणारी माझी फाइल तिला उघडताच येईना. जर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, तशी नोंद होती. मी ती उशिरा पाहिली.

बॅकअपच्या डिस्कचे प्रकरण मात्र गंभीर होते. ती डिस्क माउंट करण्याची, म्हणजे वापरासाठी जोडून उघडण्याची, मुभा कार्यालयाच्या गटाला ५० क्रमांकाच्या फोल्डरमधील फाइलने दिली होती, आणि आर्टिकलशिप करणारी मुलेही त्याच गटात असल्याने त्यांच्यापुरती ती ९० क्रमांकाच्या सक्तीच्या फोल्डरमधून काढून घेतली होती. जुन्या पद्धतीत शेवटी लागू होणारा नियम जिंकतो. मी क्रमांक तसेच ठेवून दोन्ही नियम नव्याने लिहिले. नव्या पद्धतीत मात्र फायली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि उत्तर देणारा पहिलाच नियम निर्णय करतो, म्हणजे ५० ने "हो" म्हटल्यावर ९० ला कोणी विचारतच नाही. पासवर्डची खिडकी निदान समोर येऊन उभी राहते. चुकून मिळालेली परवानगी काहीच बोलत नाही. हे माझ्या लक्षात आले ते चार दिवसांनी, दोन्ही नियमांत पोलकिटची लॉग करण्याची ओळ घालून जर्नल वाचताना, कारण त्यात ९० ची एकही नोंद नव्हती.

मनाई करणाऱ्या फाइलचा क्रमांक मी १० केला. सेवा पुन्हा सुरू करावी लागली नाही, कारण पोलकिट नियमांच्या फोल्डरवर स्वतःच लक्ष ठेवते. अर्ध्या तासात एका आर्टिकलचा निरोप आला : "सर, बॅकअपची डिस्क उघडत नाहीये, कालपर्यंत तर उघडत होती."