सतरा लाख फेऱ्या

इंदूरचा माणूस म्हटला की बाहेरच्यांना तो सकाळी पोह्यांवर जीरावण भुरभुरताना नाहीतर रात्री बारा वाजता सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना दिसतो. खातोच तो. पण हाच माणूस अभ्यास मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेलाही रुमालाने मान पुसत तास-दीड तास बसतो, हे सांगितलं तर पुण्याच्या नातेवाइकांना पटत नाही. व्याख्यान ऐकण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असं त्यांना वाटतं. असो.

मी कुठल्याही विषयाला जातो, पण भौतिकशास्त्रज्ञ येणार असला की जरा लवकर निघतो. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं आणि नोकरी हिशेबाची, त्यामुळे समोरच्याचं अर्धंअधिक डोक्यावरून जातं. तरी जातो. घरी विचारतात, "कळतं का काही?" काही कळतं, काही नाही. लग्नातले मंगलाष्टकांचे श्लोक तरी कुणाला सगळे कळतात?

या व्याख्यानांचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे वक्त्याचा परिचय. पदव्या, पुरस्कार, शोधनिबंधांची संख्या, परदेशातली विद्यापीठं हे सगळं कागदावरून वाचलं जातं आणि वक्ता बिचारा मान खाली घालून स्वतःचा पराक्रम ऐकत बसतो. त्या परिचयात माणूस जन्मल्यापासून सरळ रेषेत वर गेलेला असतो. दहावीत पहिला, बारावीत पहिला, मग परदेश, मग संचालक. मध्ये कुठे पाय घसरला नाही, कुठे दिशा चुकली नाही. ऐकता ऐकता डोळे मिटायला लागतात.

राजेंद्रनगरच्या पुढे राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे. 2005 साली हे नाव मिळालं तरी गावाच्या तोंडी ते अजून 'कॅट'च, म्हणजे जुनं 'सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी'. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगून बघा. इथले पहिले संचालक दिलीप भवाळकर, लेझरवाले. आमच्या पिढीतले इंदूरचे मराठी लोक त्यांचा उल्लेख 'आपले भवाळकर' असाच करतात, ओळख असो वा नसो. तिथे 'इंडस-2' नावाचं यंत्र आहे. 172.5 मीटर घेराचं वर्तुळ, आणि त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन. त्यावर बोलायला आलेल्या एका शास्त्रज्ञाने फळ्यावर भागाकार करून दाखवला: सेकंदाला साधारण 17 लाख फेऱ्या. सभागृहात कुजबुज झाली. हिशेब पडताळण्याची माझी खोड जुनी, म्हणून मीही आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर करून पाहिला. बरोबर होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा धोतर-कोटातले एक काका उठले. "साहेब, एवढा पळून तो शेवटी पोचतो कुठे?"

लोक हसले. वक्ता हसला नाही. म्हणाला, "काका, कुठेच नाही. पोचवायचाच नसतो. चुंबक लावून आम्ही त्याला वळवतो, आणि वळताना त्याच्यातून प्रकाश बाहेर पडतो. तेवढ्यासाठी फिरवतो. सरळ जात राहिला तर आमच्या कामाचं त्यातून काही निघणार नाही." तो प्रकाश म्हणजे मुख्यतः क्ष-किरण, आणि त्यात धातूंपासून प्रथिनांपर्यंत कशाचीही अणुरचना तपासता येते. काका मान डोलवून खाली बसले. सबंध व्याख्यानातलं तेवढं मला पक्कं समजलं.

आणि तेव्हाच लक्षात आलं की शास्त्रज्ञांना ऐकायला मी नेमका कशासाठी जातो. परिचयातल्या सरळ रेषेसाठी नाही. वळणांसाठी.

आता रामन यांचंच घ्या. नोबेल सगळ्यांना पाठ असतं. पण 1907 पासून दहा वर्षं ते सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते, हे ऐकलं तेव्हा माझी छाती विनाकारण फुगली. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर बहूबाजारच्या संस्थेत प्रयोग करायचे. मग 1917 साली कमी पगारावर प्राध्यापकी पत्करून नोकरी सोडली. आमच्या घरी कुणी असं केलं असतं तर आत्या-मावश्यांची बैठक बसली असती. पुढे 1921 साली बोटीतून परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांचं मत त्यांना पटेना. जवळच्या निकोल प्रिझममधून ते प्रतिबिंब अडवून पाहिलं, तरी पाणी निळंच. तिथून 28 फेब्रुवारी 1928 च्या 'रामन परिणामा'च्या शोधापर्यंतची वाट सुरू झाली. आणि 1968 साली, ऐंशी वर्षांचे असताना, अहमदाबादला ते बोलले कशावर? आकाश निळं का दिसतं, यावर. नोबेल मिळालेला माणूस पूर्ण व्याख्यान एका शाळकरी प्रश्नाला देतो, हे मला फार आवडतं.

कारण अलीकडे उलटं झालंय. 'विश्वाची उत्पत्ती ते अंत' असा विषय, वेळ पन्नास मिनिटं, त्यातली दहा परिचयाला आणि पाच प्रोजेक्टरला. महास्फोट, कृष्णविवर, हिग्ज बोसॉन, मध्ये दोन विनोद, शेवटी देव आहे की नाही. बाहेर पडताना हातात काही राहत नाही. विषय जेवढा लहान, तेवढं व्याख्यान चांगलं, असं माझं मत होत चाललंय. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं द्यायचा. सहा!

हा फॅरडे मुळात श्रोताच. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा वीस वर्षांचा पोरगा. 1812 साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तिकिटं दिली म्हणून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतःच बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याचा मदतनीस झाला. डेव्हीच्या व्याख्यानांना इतक्या बग्ग्या येत की त्या रस्त्यावर एकेरी वाहतूक करावी लागली, असं सांगतात. आमच्याकडे व्याख्यान नसतानाही जेल रोडवर तीच पाळी येते, तो भाग वेगळा.

वळणांबद्दल बोलताना नारळीकरांना वगळता येत नाही. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं, या मताच्या विरुद्ध बाजूला ते गुरू हॉईल यांच्याबरोबर उभे राहिले. बहुसंख्य मंडळी दुसरीकडे गेली तरी शेवटपर्यंत आपले प्रश्न विचारत राहिले. ते बरोबर की चूक, हे सांगण्याची माझी पात्रता नाही. पण सगळं जग एका बाजूला असताना न चिडता, न ओरडता, सोप्या मराठीत आपली बाजू मांडणारा माणूस आपण ऐकला, याचं अप्रूप आहे. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि खाली सही असेल. माझ्या भाच्याने पोस्टकार्ड आणलं, पण प्रश्न काही सुचला नाही. ते कार्ड पुढे रेडिओवरच्या स्पर्धेला गेलं.

प्रश्न सुचणं अवघडच. आमच्याकडे प्रश्नोत्तरांत निम्मे लोक प्रश्न विचारतच नाहीत, छोटं भाषण करतात आणि शेवटी "यावर आपलं मत?" एवढं जोडतात. एक जण ठरलेला असतो, जो हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं असं सांगतो. आणि मागच्या रांगेतली एखादी सातवी-आठवीतली मुलगी हळूच विचारते, "सर, तुमचा प्रयोग कधी फसलाय का?" मग वक्ता प्रोजेक्टर विसरतो, टेबलाला टेकून उभा राहतो आणि खरं बोलायला लागतो. सात महिने मिळत राहिलेला सिग्नल शेवटी एका सैल जोडणीमुळे येत होता, हे मी असंच एकाकडून ऐकलं. ते सांगताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की पुरस्कारांची यादी वाचली जाताना त्याच्या निम्म्यानेही नव्हता. नेमक्या त्याच वेळी आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन पुढे सरकले.

फॅरडेने यावर चांगली तोड काढली होती. बोलण्याच्या भरात वेग वाढायचा, म्हणून त्याच्यासमोर 'हळू' असं लिहिलेलं कार्ड ठेवलं जाई, आणि तास संपत आला की 'वेळ' असं दुसरं. मी आमच्या संयोजकांना सुचवलंय की पहिल्या रांगेत मला बसवा, दोन्ही कार्डं मी घरून करून आणतो. त्यांनी विचार करू म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी मात्र तिथल्या तिथे तिसरं कार्ड मागितलं, परिचय करून देणाऱ्यासाठी, आणि त्यावर काय लिहायचं तेही सांगितलं. ते काही मी इथे छापत नाही.